डोकी मोजायची की उंबरे?

जपानमध्ये २०१५ ते २०२० या पाच वर्षांत माणसं साधारण साडेनऊ लाखांनी कमी झाली. हा आकडा तिथल्या जनगणनेचा. त्याच जनगणनेत दुसराही एक आकडा आहे: त्याच पाच वर्षांत तिथली कुटुंबं सुमारे २४ लाखांनी वाढली. माणसं घटली आणि चुली वाढल्या. २०२० साली तिथल्या सरासरी घरात २.२१ माणसं होती आणि शंभरातल्या ३८ घरांत एकच माणूस राहत होता.

हवामानबदलाची चर्चा लोकसंख्येवर आली की आपण लगेच डोकी मोजायला लागतो. दरडोई वीज, दरडोई कार्बन, दरडोई उत्पन्न. ही मापं चुकीची नाहीत, पण निम्मी गोष्ट त्यांच्यातून निसटते. घरात जळणाऱ्या ऊर्जेचा बराच मोठा भाग माणसासाठी खर्चच होत नाही. घर चालू ठेवण्यासाठी तो खर्च होतो, मग आत एक माणूस असो की पाच. गाव किती मोठं हे सांगताना "दोनशे उंबऱ्यांचं गाव" असं म्हणायची आपल्याकडे जुनी रीत आहे. ऊर्जेच्या हिशेबाला मला ते माप डोक्यांपेक्षा पुष्कळ जवळचं वाटतं.

रात्री दोन वाजता

एकट्या माणसाचं घर डोळ्यांसमोर आणा. रात्रीचे दोन वाजलेत, माणूस गाढ झोपलाय, दिवे बंद आहेत. स्वयंपाकघरात फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होतो, दहा-पंधरा मिनिटं घुमतो आणि बंद पडतो. कोपऱ्यात वायफायच्या राउटरचा हिरवा दिवा लुकलुकतोय. टीव्हीखाली लाल ठिपका आहे. न्हाणीघरात साठवणीचा गीझर चालूच राहिला असेल, तर टाकीतलं पाणी हळूहळू निवतं आणि तो अधूनमधून ते पुन्हा तापवतो.

यातली एकही गोष्ट घरात किती माणसं आहेत हे विचारत नाही. राउटर १० वॅटचा धरला, तर वर्षाच्या ८,७६० तासांत तो जवळजवळ ८८ युनिट वीज खातो. घरात चौघं असतील तर प्रत्येकाच्या नावावर २२ युनिट येतात. एकटा असेल तर सगळी ८८ त्याचीच.

फ्रिजकडे जरा बारकाईने बघू, कारण सगळ्या विषयाची किल्ली तिथे आहे. फ्रिज बरीचशी वीज खातो ती आत झिरपणारी बाहेरची उष्णता परत बाहेर ढकलण्यासाठी. ही उष्णता भिंतींतून झिरपते, म्हणून खर्च ठरतो तो बव्हंशी फ्रिजच्या बाहेरच्या पृष्ठभागावर, आत किती डबे आहेत यावर नव्हे. आता भूमितीतली एक साधी गोष्ट आठवा. खोक्याची प्रत्येक बाजू दुप्पट केली, तर आतली जागा आठपट होते, पण पृष्ठभाग चौपटच वाढतो. उलट बाजूने पाहिलं, तर जागा कमी केली की पृष्ठभाग त्या प्रमाणात कमी होत नाही. म्हणून अर्ध्या आकाराचा फ्रिज अर्ध्या विजेत चालत नाही. समजा, चौघांच्या घरातला फ्रिज वर्षाला ३०० युनिट घेतो. त्या घराची दोन घरं झाली आणि दोघादोघांनी थोडे लहान, २५० युनिटचे फ्रिज घेतले. माणसं चारच राहिली, पण फ्रिजची वीज ३०० वरून ५०० वर गेली. कुणी चैन केली नाही, कुणी उधळपट्टी केली नाही. फक्त चूल वेगळी झाली.

हीच भूमिती अख्ख्या घरालाही लागू पडते. भिंती, छप्पर आणि खिडक्यांतून उष्णता ये-जा करते. थंड प्रदेशात ती बाहेर जाते आणि उष्ण प्रदेशात आत येते. एसीचं उदाहरण घ्या. दीड टनाचा एसी पूर्ण ताकदीने चालला, तर खोलीतून सुमारे ५,२०० वॅट उष्णता बाहेर काढतो. शांत बसलेल्या माणसाच्या अंगातून साधारण १०० वॅट उष्णता बाहेर पडते. म्हणजे खोलीत आणखी एक जण येऊन बसला, तर एसीच्या क्षमतेच्या दोनेक टक्क्यांचं काम वाढतं. तोच माणूस शेजारच्या खोलीत स्वतंत्र एसी लावून बसला, तर दुसऱ्या खोलीच्या भिंती, खिडक्या आणि छप्पर यांच्याशी नव्याने झुंज सुरू होते.

प्रत्येक खर्च असा वाटला जात नाही, हेही सांगायला हवं. अंघोळीचं गरम पाणी, मोबाइलचं चार्जिंग, प्रवास ही कामं माणसागणिक वाढतात. स्वयंपाक मधे कुठेतरी येतो. चौघांची भाजी करायला एकाच्या भाजीच्या चौपट इंधन लागत नाही, पण थोडं जास्त लागतंच.

कुटुंबांच्या राहणीमानाची तुलना करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांनी याच अनुभवातून एक मोजपट्टी तयार केली आहे. ओईसीडी या देशसमूहाच्या नावाने ती ओळखली जाते. तिच्यात पहिल्या प्रौढाला १, पुढच्या प्रत्येक प्रौढाला ०.५ आणि प्रत्येक मुलाला ०.३ एवढं वजन देतात. आई, वडील आणि दोन मुलं यांची बेरीज येते २.१. त्याच राहणीमानासाठी चौघांच्या घराला एकट्याच्या दुपटीहून थोडाच जास्त खर्च येतो, असा याचा अर्थ. ही मोजपट्टी एकूण घरखर्चाची आहे, निव्वळ विजेची नाही. पण घरातल्या ऊर्जेचं वळणही असंच असतं: माणसांबरोबर वापर वाढतो, पण माणसांच्या पटीत वाढत नाही.

कुटुंबं लहान का होताहेत

याला कारण एक नाही, आणि त्यातली बहुतेक कारणं चांगली आहेत, हे मला आवर्जून सांगायचंय. मुलं कमी होऊ लागली. आयुष्य वाढलं, त्यामुळे जोडीदार गेल्यावर एकट्याने काढायची वर्षंही वाढली. लग्नाचं वय पुढे गेलं. शिक्षण आणि नोकरीसाठी तरुण घराबाहेर पडले. उत्पन्न वाढलं, तसं वेगळं राहणं परवडू लागलं. ज्या बाईला पूर्वी मुकाट्याने सोसावं लागलं असतं, ती आता बाहेर पडून स्वतःचं घर करू शकते. या बदलांना ऊर्जेच्या चष्म्यातून "समस्या" म्हणणं मला पटत नाही. पण त्यांचा हिशेब न मांडणं हेही बरोबर नाही.

अमेरिकेत १९४० साली शंभरातल्या साधारण आठ घरांत एकच माणूस राहत होता. २०२० च्या जनगणनेत हा आकडा जवळजवळ २८ झाला. युरोपीय संघात एक तृतीयांशाहून जास्त घरं एकेकट्याची आहेत. चीनमध्ये १९८२ साली सरासरी घरात ४.४ माणसं होती, २०२० साली २.६२ उरली. भारतात बदल सावकाश चालू आहे: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत सरासरी ४.६ होती, २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत ४.४ झाली. ०.२ चा फरक किरकोळ दिसतो. पण दर हजार माणसांमागे घरं किती हे काढलं, तर ४.६ च्या सरासरीने २१७ घरं होतात आणि ४.४ ने २२७. दर हजारी दहा घरं वाढली. कोट्यवधींच्या देशात ही दहा घरं कुठवर जातात ते लक्षात घ्या.

२००३ साली जिआंगुओ लिउ, ग्रेचेन डेली, पॉल एर्लिख आणि गॅरी लक या संशोधकांनी 'नेचर' नियतकालिकात नेमका हाच हिशेब मांडला. जैवविविधतेच्या दृष्टीने नाजूक प्रदेश असलेले ७६ देश त्यांनी घेतले. १९८५ ते २००० या काळात त्या देशांत घरांची संख्या लोकसंख्येपेक्षा वेगाने वाढली होती. सरासरी घरातली माणसं १९८५ इतकीच राहिली असती, तर २००० साली त्या देशांत १५.५ कोटी घरं कमी असती, असं त्यांना आढळलं. या १५.५ कोटी घरांचा जास्तीच्या लोकसंख्येशी काहीही संबंध नाही. तीच माणसं जास्त छपरांखाली विभागली गेली.

लिउ यांनी यूनिस यू यांच्याबरोबर २००७ साली घटस्फोटाचा ऊर्जेवर काय परिणाम होतो याचाही अभ्यास केला. घटस्फोटितांची घरं विवाहितांच्या घरांइतक्याच काटकसरीने चालली असती, तर अमेरिकेत २००५ या एका वर्षात ७,३०० कोटी युनिटहून जास्त वीज वाचली असती, असा त्यांचा निष्कर्ष होता. हा अभ्यास तेव्हा खूप गाजला आणि काहींनी तो घटस्फोट घेणाऱ्यांना दोष द्यायला वापरला. ते अन्यायाचं होतं. दोष कुणाचा हे या आकड्यातून कळत नाही. एका घराची दोन घरं होतात तेव्हा फ्रिज, हीटर, दिवाणखाना या सगळ्यांची जोडी लागते, एवढंच त्यातून कळतं.

माणसं जातात, भिंती राहतात

या विषयातला सर्वांत दुर्लक्षित भाग माझ्या मते हा आहे. कुटुंब लहान होतं, पण घर आपोआप लहान होत नाही.

थंड प्रदेशातलं चार खोल्यांचं घर आहे. मुलं मोठी होऊन निघून गेली, नवरा वारला. पंचाहत्तरीच्या बाई आता स्वयंपाकघर आणि एक खोली एवढंच वापरतात. उरलेल्या दोन खोल्यांत मुलांची पुस्तकं, जुने पलंग, बांधून ठेवलेली खोकी. पण हीटिंगची नळी त्या खोल्यांतूनही फिरते, कारण वीस-तीस वर्षांपूर्वी ती तशी टाकली गेली. मागच्या खोलीत जुना मोठा फ्रिज अजून चालू आहे. सगळे आले की लागतो म्हणून ठेवलेला. सगळे वर्षातून दोनदा येतात. बाई स्वतः पै-पै वाचवणाऱ्या आहेत, खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद केल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत. तरी त्यांच्या एकट्याच्या नावावर पडणारी ऊर्जा शेजारच्या पाच जणांच्या गजबजलेल्या घरातल्या कुणाहीपेक्षा जास्त आहे.

त्यांनी लहान घरात जावं, हे सांगणं सोपं आहे. पण जायला त्याच गल्लीत, त्याच ओळखीच्या माणसांत लहान घर मिळायला हवं. तसं बहुतेक ठिकाणी मिळत नाही, कारण बांधणाऱ्यांनी घरं कुटुंबासाठी बांधली. शिवाय घर विकताना लागणारा कर आणि खर्च, सामान हलवण्याची दमछाक आणि चाळीस वर्षांच्या आठवणी. हा प्रश्न स्वभावाचा कमी आणि उपलब्ध घरांचा जास्त आहे.

नवी घरं तरी लहान होताहेत का? अमेरिकेत १९७३ साली बांधलेल्या नव्या स्वतंत्र घराचं सरासरी क्षेत्रफळ १,६६० चौरस फूट होतं आणि सरासरी कुटुंब तीन माणसांचं. २०१५ साली नवं घर २,६८७ चौरस फुटांवर गेलं आणि कुटुंब अडीच माणसांवर आलं. ढोबळ भागाकार केला, तर माणशी साडेपाचशे चौरस फुटांचे हजाराहून अधिक झाले. या काळात खिडक्या सुधारल्या, भिंतींत उष्णतारोधक थर आले, यंत्रं काटकसरी झाली. त्यातून जे वाचलं त्याचा मोठा हिस्सा या वाढीव जागेने गिळला.

घर बांधतानाचा कार्बन तर वेगळाच. जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनातला सात-आठ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे. भट्टी तापवायला इंधन लागतं हे एक कारण, आणि चुनखडी भाजताना ती स्वतःच कार्बन डायऑक्साइड सोडते हे दुसरं. नव्या कुटुंबासाठी नवं घर उभं राहिलं की पहिला दिवा लागायच्या आधीच त्याच्या नावावर काही टन जमा झालेले असतात.

वय आणि शहर

लोकसंख्येत होणारे बदल कुटुंबाच्या आकारावर संपत नाहीत. वयाची गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे, आणि तिच्यात दोन उलट दिसणारी वाक्यं एकाच वेळी खरी आहेत.

पहिलं वाक्य असं: समाज म्हातारा झाला की उत्सर्जन कमी होतं. ब्रायन ओनील हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली ३४ देशांच्या घरगुती सर्वेक्षणांवर आधारलेलं गणिती प्रारूप मांडलं. औद्योगिक देशांत वार्धक्यामुळे दीर्घकाळात उत्सर्जन २० टक्क्यांपर्यंत घटू शकतं, असं त्यात दिसलं. कारण सरळ आहे. काम करणारे हात कमी झाले की अर्थव्यवस्थेची वाढ मंदावते आणि तिच्याबरोबर ऊर्जेची मागणीही.

दुसरं वाक्य असं: ज्येष्ठांचा उत्सर्जनातला वाटा वाढत चाललाय. ३२ विकसित देशांचा एक अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार घरगुती उपभोगामुळे होणाऱ्या उत्सर्जनात साठीपुढच्यांचा वाटा २००५ साली २५.२ टक्के होता, तो २०१५ साली ३२.७ टक्के झाला. निवृत्त माणूस दिवसभर घरात असतो, त्याला थंडी आणि उकाडा दोन्ही जास्त बाधतात, त्याचं घर बहुधा जुनं आणि गरजेपेक्षा मोठं असतं. तो प्रवास कमी करतो, पण घर जास्त तापवतो किंवा गार करतो.

पहिलं वाक्य सगळ्या अर्थव्यवस्थेचं आहे, दुसरं घराच्या आतलं. यात आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. दिवसा घरी असणाऱ्यांची मागणी दिवसा असते, म्हणजे सौर वीज भरपूर असते तेव्हा. संध्याकाळी कामावरून परतून एकदम दिवे, शेगडी आणि एसी लावणाऱ्यांची मागणी नेमकी सूर्य मावळल्यावर येते. वर्षाची बेरीज सारखी असली, तरी ग्रिडवरचा, म्हणजे वीजपुरवठ्याच्या जाळ्यावरचा, ताण सारखा नसतो.

शहरीकरणाबद्दल ओनील यांच्या अभ्यासात उलटं चित्र आहे: विकसनशील देशांत त्यामुळे उत्सर्जन २५ टक्क्यांहून जास्त वाढू शकतं, कारण शहरात माणसाची उत्पादकता आणि उत्पन्न वाढतं, आणि त्यामागून वापर. पण घरातल्या ऊर्जेपुरतं बघितलं, तर एक वेगळी गोष्ट दिसते. साध्या चुलीत लाकडातल्या ऊर्जेचा जेमतेम १०-१५ टक्के भाग भांड्यापर्यंत पोहोचतो, गॅसच्या शेगडीत निम्म्याहून जास्त. त्यामुळे भारत आणि चीनच्या घरगुती ऊर्जेची तुलना करणाऱ्यांना ग्रामीण माणसाची एकूण ऊर्जा शहरी माणसापेक्षा जास्त दिसली. ग्रामीण घर गरीब असूनही ऊर्जा जास्त जाळत होतं, आणि सोबत धूरही गिळत होतं. अशा घरात गॅस आला आणि कार्बनचा आकडा थोडा वाढला, तर त्यावर बोट ठेवायचा हक्क कुणाला नाही, असं मला मनापासून वाटतं.

युनिट तेच, कार्बन वेगळा

ऊर्जा आणि उत्सर्जन या दोन गोष्टी एक नाहीत. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या २०१४ च्या अहवालानुसार कोळशाच्या विजेच्या एका युनिटमागे, खाणीपासून राखेपर्यंत सगळं धरून, कार्बन डायऑक्साइडच्या मापात सुमारे ८२० ग्रॅम उत्सर्जन होतं. पवनऊर्जेच्या युनिटमागे सुमारे ११ ग्रॅम. आपला तो ३०० युनिटचा फ्रिज कोळशावर चालला, तर वर्षाला २४६ किलो होतात आणि वाऱ्यावर चालला तर साधारण सव्वातीन किलो. कुटुंबं लहान होण्याची किंमत किती मोजावी लागेल, हे बरंचसं तारेच्या दुसऱ्या टोकाला काय जळतंय यावर ठरतं. ग्रिड जितक्या लवकर स्वच्छ होईल, तितकं एकट्याने राहणं हवामानाला स्वस्त पडेल.

तोवर करण्यासारखं पुष्कळ आहे, आणि त्यासाठी कुणाला नको त्या माणसाबरोबर राहायला लावायची गरज नाही. मोठ्या घराचे दोन भाग करायला परवानगी सोपी हवी. आहे त्याच वस्तीत लहान घरं बांधली जावीत. इमारतीत एक सामायिक धुलाईखोली, एक पाहुण्यांची खोली असली, तर प्रत्येक घरात ती लागत नाही. यंत्रांवरच्या ताऱ्यांकडेही नीट बघायला हवं. बहुतेक ठिकाणी फ्रिजला तारे मिळतात ते त्याच्या आकारमानाच्या मानाने, त्यामुळे पाच ताऱ्यांचा भला मोठा फ्रिज तीन ताऱ्यांच्या लहान फ्रिजपेक्षा जास्त वीज खाऊ शकतो. तारे मोजण्याआधी लेबलवरचा वर्षाच्या युनिटचा आकडा वाचावा.

नियोजन करणाऱ्यांच्या टेबलावरही उंबरे यायला हवेत. पर्यावरणावरचा भार म्हणजे लोकसंख्या गुणिले समृद्धी गुणिले तंत्रज्ञान, हे सूत्र १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून वापरात आहे. त्यातल्या लोकसंख्येच्या जागी घरांची संख्या घालून बघा, असं लँडिस मॅकेलर, वोल्फगांग लुट्झ हे लोकसंख्येचे अभ्यासक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ सालीच सुचवलं होतं. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजानुसार जगाची लोकसंख्या २०८० च्या दशकाच्या मध्यावर सुमारे १,०३० कोटींवर जाऊन मग उतरू लागेल. त्या वर्षानंतर ऊर्जेची मागणीही आपसूक उतरेल असं समजून वीजकेंद्रं आखणं धोक्याचं आहे, आणि कसं ते जपानकडे बघून कळतं. तिथली लोकसंख्या २००८ च्या सुमारास शिखरावर होती. तिथल्या सरकारी लोकसंख्या संशोधन संस्थेच्या अंदाजाप्रमाणे घरांची संख्या शिखर गाठेल २०३० साली, बावीस वर्षांनी. आणि त्यानंतर तीनच वर्षांत, २०३३ साली, तिथल्या सरासरी घरात दोन माणसंही उरणार नाहीत.